जीनोममधली भर आणि गळती: इन्सर्शन-डिलीशनच्या अभ्यासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्यूटेशन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: डीएनएमधलं एक अक्षर गेलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं. पण जीनोम नुसता अक्षरं बदलत नाही. त्यात नवा मजकूर शिरतो आणि जुना गळूनही पडतो. प्रजातींचे जीनोम शेजारी शेजारी मांडून पाहणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्या मांडणीतल्या रिकाम्या जागांबद्दल विद्यार्थी आणि इतर विषयांतले सहकारी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

इंडेल म्हणजे नेमकं काय? दोन उलट गोष्टींना एकच नाव कशासाठी?

इन्सर्शन म्हणजे डीएनएच्या क्रमात एक किंवा अधिक बेसची (ए, सी, जी, टी या डीएनएच्या अक्षरांची) भर पडणं आणि डिलीशन म्हणजे काही बेस गळून जाणं. या दोन शब्दांचे सुरुवातीचे तुकडे जोडून ‘इंडेल’ शब्द झाला. लांबीची सक्तीची मर्यादा नाही, पण ५० बेसपर्यंतच्या बदलांना लहान इंडेल म्हणायचं आणि त्यापेक्षा मोठ्यांना संरचनात्मक बदलांत धरायचं, अशी साधारण पद्धत आहे.

एकच नाव सोयीपुरतं पडलेलं नाही. समजा, एका प्रजातीत एखाद्या जागी ‘एसीजीटीटीए’ आहे आणि दुसरीत ‘एसीटीए’. पहिलीत ‘जीटी’ची भर पडली की दुसरीतून ‘जीटी’ गळलं? या दोन क्रमांकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी उत्तर मिळत नाही. दिसतो तो फक्त लांबीतला फरक. घटना कुठल्या बाजूला आणि कुठल्या दिशेने घडली ते त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून दिशा ठरेपर्यंत ‘इंडेल’ म्हणायचं आणि ठरल्यावरच ‘भर’ किंवा ‘गळती’. ही शिस्त पाळली नाही तर पुढचे सगळे निष्कर्ष डळमळतात. या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मांडणीतली रिकामी जागा दाखवणारी आडवी रेघ आपल्याला दिसलेली नसते, ती आपण काढलेली असते.

मग भर की गळती हे ठरवायचं कसं?

तिसरा साक्षीदार आणायचा. माणूस आणि चिंपांझी यांच्यात फरक दिसला, तर त्या दोघांपासून आधीच फुटलेल्या गोरिलाकडे किंवा ओरांगउटानकडे पाहायचं. अशा बाहेरच्या नातेवाइकाला आउटग्रुप म्हणतात. गोरिलातही ‘जीटी’ असेल तर ते मुळात होतं आणि ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून गळलं. गोरिलात नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे भर पडली. एका साक्षीदारावर भिस्त ठेवू नये, दोन-तीन घ्यावेत, कारण तीच जागा आउटग्रुपमध्येही स्वतंत्रपणे बदललेली असू शकते.

एका प्रकारात मात्र दिशा आयती मिळते. ट्रान्सपोझॉन, म्हणजे जीनोममध्ये उड्या मारणारे किंवा स्वतःच्या प्रती पसरवणारे तुकडे, नव्या जागी शिरताना तिथल्या काही बेसची दोन्ही बाजूंना जुळी प्रत सोडून जातात. अशी जुळी खूण आणि मध्ये ओळखीचा तुकडा दिसला की ती भरच. तो तुकडा पुन्हा अगदी नेमका, एका जुळ्या प्रतीसकट उचलला जाऊन जागा पूर्ववत होणं फार दुर्मीळ. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० बेस लांबीच्या ‘आलू’ या तुकड्याच्या १० लाखांहून जास्त प्रती आहेत, आणि एकूण जीनोमच्या सुमारे १० टक्के जागा त्यांनीच व्यापली आहे.

हे बदल होतात कशामुळे?

वाटा बऱ्याच आहेत. लहान इंडेलमध्ये सर्वांत मोठा वाटा घसरण्याचा आहे. ‘एएएएएए’ किंवा ‘सीएसीएसीए’ असा पुनरावृत्तीचा पट्टा आला की प्रत काढणाऱ्या विकराखालचा नवा धागा क्षणभर सुटतो आणि परत बसताना एक घर पुढे किंवा मागे बसतो. नवा धागा वेटोळं घेऊन बसला तर भर पडते, साचा वेटोळं घेऊन बसला तर गळती होते. हे स्पष्टीकरण जॉर्ज स्ट्रायझिंगर आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये टी४ या जिवाणूभक्षक विषाणूवरच्या कामातून मांडलं आणि ते आजही टिकून आहे. पेशीतली चूक-दुरुस्ती यंत्रणा अशी बहुतेक वेटोळी पकडते. ती यंत्रणाच बिघडली की पुनरावृत्तीच्या पट्ट्यांची लांबी वाटेल तशी बदलू लागते. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक कर्करोग-प्रवृत्तीत नेमकं हेच दिसतं.

दुसरी वाट तुटलेला डीएनए जोडण्याची. दोन्ही धागे तुटले की पेशी घाईने टोकं सांधते आणि त्यात टोकांचे काही बेस छाटले जातात किंवा फुकटचे चिकटतात. डीएनए हव्या त्या जागी कापणारं क्रिस्पर तंत्र वापरून एखादं जनुक बंद पाडताना संशोधक याच ढिसाळ सांधणीचा फायदा घेतात. याशिवाय ट्रान्सपोझॉन आहेतच, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्यांमध्ये तिरकी अदलाबदल होऊन हजारो बेस एका गुणसूत्रावरून गायब होतात आणि दुसऱ्यावर दुप्पट होतात, तेही आहे.

एक-दोन बेस गेल्याने एवढा काय फरक पडतो? आणि तीनच्या पटीला एवढं महत्त्व का?

प्रथिनाचा मजकूर तीन-तीन बेसच्या शब्दांत वाचला जातो आणि शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. मराठीतच करून पाहू. तीन-तीन अक्षरांचं वाक्य घ्या:

मदन कलम उचल नजर वळव

यातला ‘ल’ काढा, ‘कलम’मधला. वाचण्याची पद्धत तीच ठेवली तर उरतं:

मदन कमउ चलन जरव ळव

पहिला शब्द शाबूत आहे, पुढे सगळा गोंधळ. मध्येच ‘चलन’ हा खराखुरा शब्द आला आहे, पण त्या वाक्याशी त्याचा काही संबंध नाही. पेशीतही असंच होतं. वाचनाची चौकट, म्हणजे तिकड्यांची विभागणी, सरकल्यावर जवळपास प्रत्येक तिकडी कुठल्या ना कुठल्या अमिनो आम्लाचा अर्थ देतच राहते, फक्त तो अर्थ चुकीचा असतो. ६४ तिकड्यांपैकी ३ तिकड्या थांबण्याचा इशारा आहेत, त्यामुळे भलत्या चौकटीत सरासरी वीसेक तिकड्यांत वाचन खुंटतं.

आता गळलेल्या अक्षराच्या थोडं पुढे एखादं अक्षर भरा, समजा ‘स’:

मदन कमउ चलस नजर वळव

मधले दोन शब्द बिघडले, पण शेपूट सावरली. फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हेच केलं. प्रोफ्लेविन हे रसायन वापरून टी४ विषाणूच्या एका जनुकात त्यांनी एकेक भर किंवा गळती घडवली. एक भर आणि एक गळती एकत्र आणली की जनुक चालू. दोन भरी एकत्र आणल्या तर बंदच. तीन भरी एकत्र आणल्या आणि जनुक पुन्हा चालू! डीएनएचा क्रम वाचण्याचं तंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हतं, तरीही सांकेतिक शब्द तीन अक्षरी आहेत हे त्यांनी केवळ बेरीज-वजाबाकीतून दाखवलं. इंडेलने विज्ञानाला दिलेली ही सर्वांत सुंदर भेट आहे, असं माझं मत आहे.

रोजच्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर ओ रक्तगट. एबीओ जनुकातला एक जी गळला, चौकट सरकली, प्रथिन अर्धवट राहिलं आणि लाल पेशींवर ए किंवा बी साखर चढवणारं विकर तयारच झालं नाही. ओ गटाच्या बहुतेक लोकांमध्ये कारण हेच आहे, आणि त्यांचं काही बिघडत नाही.

उलट तीन बेसची गळती चौकट न हलवताही घातक ठरू शकते. सिस्टिक फायब्रोसिस या आजारातलं सर्वांत सामान्य म्यूटेशन, डेल्टा एफ ५०८, हे त्याचं उदाहरण. सीएफटीआर जनुकात तिथे मूळ क्रम असा आहे: एटीसी एटीसी टीटीटी जीजीटी. त्यातून सीटीटी गेलं की उरतं: एटीसी एटीटी जीजीटी. एटीसी आणि एटीटी या दोन्हींचा अर्थ आयसोल्युसीनच, म्हणून ते अमिनो आम्ल बदललं नाही. फक्त ५०८ व्या जागेवरचं फिनाइलअॅलानिन गेलं. बाकी सगळं प्रथिन जसंच्या तसं, पण त्या एका उणिवेमुळे त्याची घडी नीट बसत नाही आणि पेशी ते नष्ट करते.

म्हणजे इंडेल बहुधा वाईटच?

प्रथिनाच्या सांकेतिक भागात, म्हणजे प्रथिनाचा मजकूर लिहिलेल्या भागात, बहुधा हो. म्हणूनच त्या भागात टिकून राहिलेल्या इंडेलच्या लांबीचा आलेख काढला की ३, ६, ९ वर उंच टोकं दिसतात. बाकीच्या लांबीचे बदल घडतातच, पण नैसर्गिक निवड ते चाळून टाकते. सांकेतिक भागाबाहेर ही टोकं दिसत नाहीत. विद्यार्थ्यांना निवडीचा परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर मी हाच आलेख काढायला सांगते.

पण उत्क्रांतीतल्या काही गाजलेल्या बदलांमागे इंडेल आहेत. मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात सुमारे ८०० बेसचा तुकडा घुसलेला आहे. मेंडेलनंतर सव्वाशे वर्षांनी, १९९० मध्ये, ते कळलं. ब्रिटनमधल्या ठिपक्यांच्या पतंगाचं काळं रूप औद्योगिक काजळीच्या काळात पसरलं, हे शाळेत सगळेच शिकतात. त्यामागे ‘कॉर्टेक्स’ या जनुकात शिरलेला सुमारे २२,००० बेसचा ट्रान्सपोझॉन आहे, हे २०१६ मध्ये समोर आलं. आसपासच्या फरकांवरून केलेल्या हिशेबानुसार ती भर साधारण १८१९ च्या सुमाराची. काळ्या पतंगाची मँचेस्टरमधली नोंद १८४८ ची आहे, त्यामुळे हा अंदाज मोठा समाधान देणारा ठरला.

गळतीनेही लाभ होतो. सीसीआर५ जनुकातले ३२ बेस ज्यांच्या दोन्ही प्रतींतून गेले आहेत, त्यांच्या पेशींत एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना शिरता येत नाही. आणि २०११ च्या एका अभ्यासात चिंपांझी व इतर प्राण्यांत जपलेले, पण माणसातून गळलेले ५१० पट्टे सापडले. त्यातले जवळजवळ सगळे प्रथिनांच्या सांकेतिक भागाबाहेर होते, म्हणजे जनुकं कधी आणि कुठे चालू करायची हे ठरवणाऱ्या भागात. माणूस घडण्यात काय मिळालं याची चर्चा खूप होते, काय सुटलं याची कमी.

माणूस आणि चिंपांझी यांच्यात फरक १ टक्का की ५ टक्के?

दोन्ही आकडे खरे आहेत, मोजलेली गोष्ट वेगळी आहे.

२००५ मध्ये चिंपांझीचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा जुळणाऱ्या भागांत सुमारे साडेतीन कोटी एकेरी अक्षरबदल सापडले, म्हणजे १.२३ टक्के. हाच तो ‘एक टक्का’. इंडेलच्या घटना त्यामानाने कमी, सुमारे ५० लाख. पण एकेका घटनेत कधी एक बेस, कधी हजारो बेस जातात किंवा येतात. त्यामुळे प्रत्येक बाजूला ४ ते साडेचार कोटी बेस असे निघाले की जे दुसऱ्या बाजूला नाहीत. दोन्ही मिळून हे सुमारे ९ कोटी, अक्षरबदलांच्या अडीचपट. त्याआधी २००२ मध्ये रॉय ब्रिटन यांनी छोट्या नमुन्यावर हिशेब करून अक्षरबदल १.४ टक्के आणि इंडेल ३.४ टक्के, म्हणून एकूण फरक ५ टक्क्यांच्या आसपास, असं म्हटलं होतं.

मग अलीकडे, २०२५ मध्ये, वानरांचे संपूर्ण, टोकापासून टोकापर्यंतचे जीनोम आले. पूर्वी वाचताच न येणारे लांबलचक पुनरावृत्तीचे पट्टे हिशेबात धरले तर जीनोमचा १० टक्क्यांहून जास्त भाग एकास एक असा जुळतच नाही. यावरून काही जण ‘विज्ञानाने आकडा बदलला’ असा गवगवा करतात. आकडा बदललेला नाही. अक्षरबदलांचं प्रमाण आजही दीड टक्क्याच्या आतबाहेरच आहे. एका घटनेत ५०,००० बेस गेले, तर तो एक फरक मोजायचा की पन्नास हजार? उत्क्रांती समजून घ्यायची तर घटना मोजाव्यात, असं मला ठामपणे वाटतं. पण कोणी बेस मोजत असेल तर त्याने तसं स्पष्ट सांगावं, एवढीच अपेक्षा.

भर जास्त होते की गळती?

लहान इंडेलमध्ये, आजवर तपासलेल्या बहुतेक जीवांत, गळती जास्त. पण किती जास्त, हे जीवागणिक बदलतं आणि तिथेच खरी गंमत आहे.

दिमित्री पेत्रोव आणि सहकाऱ्यांनी यासाठी फार हुशार युक्ती केली. जीनोममध्ये शिरतानाच मोडलेले, म्हणजे जन्मतःच मेलेले ट्रान्सपोझॉन त्यांनी निवडले. त्यांना काही काम नसल्याने निवड त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, त्यामुळे त्यांच्यात साठणारे बदल हा म्यूटेशनचा कच्चा कल असतो. फळमाशीत असे तुकडे झपाट्याने झिजताना दिसले. मग २००० साली हवाईतल्या लाउपाला या रातकिड्यांवर तेच मोजमाप झालं. त्यांचा जीनोम फळमाशीच्या ११ पट मोठा आणि निरुपयोगी डीएनए गळण्याचा वेग ४० पटीने कमी! म्हणजे जीनोमचा आकार गळतीच्या वेगाने ठरतो का? कल्पना मोहक आहे. तिच्यावर रायन ग्रेगरी यांनी घेतलेला आक्षेपही वजनदार आहे: लहान गळती इतकी संथ असते की आकारांतल्या प्रचंड फरकांचा सगळा भार तिच्यावर टाकता येत नाही. मला ग्रेगरींचं म्हणणं जास्त पटतं. ऑस्ट्रेलियातल्या फुप्फुसमाशाचा जीनोम सुमारे ४,३०० कोटी बेसचा आहे, माणसाच्या चौदा पट. तो फुगला मुख्यतः ट्रान्सपोझॉनच्या पुरामुळे. उलट युट्रिक्युलॅरिया गिब्बा ही कीटकभक्षी पाणवनस्पती जेमतेम ८ ते १० कोटी बेसमध्ये भागवते.

जिवाणूंमध्ये चित्र जास्त स्वच्छ आहे. तिथे गळतीचा कल ठळक असतो आणि उपयोगाचं नसलेलं फार काळ टिकत नाही. मावा किडीच्या पेशींत राहणाऱ्या बुखनेरा या जिवाणूचा जीनोम सुमारे ६.४ लाख बेसवर आला आहे. त्याच्या मुक्त नातेवाइकाचा, ई. कोलायचा, ४६ लाखांच्या आसपास असतो. यजमान सगळं पुरवतो म्हटल्यावर जनुकं निवडीच्या छत्राबाहेर पडतात आणि झिजतात. कुष्ठरोगाचा जिवाणू या वाटेवर मध्येच पकडला गेलेला दिसतो. त्याच्या ३२.७ लाख बेसमध्ये चालू जनुकं सुमारे १,६०० आणि मोडून पडलेली ११०० हून जास्त, आणि त्या मोडक्या जनुकांत चौकट सरकवणारे इंडेल जागोजाग दिसतात. ओसाड वाड्यात भिंती उभ्या असाव्यात पण छप्पर गेलेलं असावं, तसा तो जीनोम वाचताना वाटतो.

नातेसंबंध ठरवायला इंडेलचा उपयोग होतो का?

होतो, आणि कधी कधी अक्षरबदलांपेक्षा चांगला होतो. एका जागचा ए बदलून जी होईल आणि पुन्हा ए होईल. पण ५,००० बेस गळाले तर तेच ५,००० बेस परत कुठून येणार?

क्षयरोगाचं उदाहरण यासाठी मी नेहमी देते. माणसातला क्षय गुरांकडून आला, असं दीर्घकाळ मानलं जात होतं. २००२ मध्ये रोलां ब्रॉश आणि सहकाऱ्यांनी क्षयाच्या जिवाणूंच्या अनेक वाणांतल्या गळालेल्या पट्ट्यांची तुलना केली. गुरांच्या क्षयजिवाणूतून जे पट्टे गळाले आहेत, त्यातले बरेच माणसाच्या क्षयजिवाणूत अजून शाबूत आहेत. गेलेलं परत येत नाही, म्हणून माणसाचा जिवाणू गुरांच्या जिवाणूपासून निघालेला असू शकत नाही. इतका साधा तर्क आणि इतकी जुनी समजूत एका फटक्यात निकालात.

देवमाशाचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक पाणघोडे आहेत, यालाही १९९९ मध्ये ट्रान्सपोझॉनच्या भरींनी भक्कम आधार दिला: दोघांच्या जीनोममध्ये त्याच जागी तेच तुकडे, इतर खुरवाल्यांत ते नाहीत.

पण डोळे मिटून विश्वास ठेवू नये. स्टिकलबॅक मासा समुद्रातून गोड्या पाण्याच्या तळ्यांत गेला आणि वेगवेगळ्या तळ्यांत त्याने पोटाखालचे काटे गमावले. पिट्क्स१ या जनुकाचा एक नियंत्रक पट्टा तिथे स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा गळला आहे. त्या पट्ट्यातल्या टीजी पुनरावृत्तीमुळे तिथला डीएनए सहज तुटतो. अशा ठिकाणी समान गळती दिसली म्हणून समान पूर्वज म्हटलं तर फसगत होईल. गळतीची दोन्ही टोकं बेसनबेस जुळतात का, ते पाहा. स्वतंत्र घटनांची टोकं सहसा जुळत नाहीत.

अलाइनमेंट, म्हणजे क्रमांची मांडणी, तर संगणक करतो. मग चूक कुठे होते?

इथेच सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

वर दिलेली डेल्टा एफ ५०८ ची गळती परत घ्या. मूळ: एटीसीएटीसीटीटीटीजीजीटी. त्यातून ‘सीटीटी’ काढा किंवा एक घर अलीकडून ‘टीसीटी’ काढा, उरतं तेच: एटीसीएटीटीजीजीटी. कुठले तीन बेस गेले हे क्रमावरून सांगता येत नाही. दोन गटांनी एकच गळती दोन जागी नोंदवली तर संगणक ते दोन वेगळे बदल समजतो. म्हणून इंडेल शक्य तितका डावीकडे सरकवून नोंदवायचा असा संकेत जीनोमच्या फाइलींत पाळतात. वैद्यकीय नोंदींत नेमका उलटा, जनुकाच्या शेवटाकडे सरकवण्याचा संकेत आहे. दोन्हीकडचा डेटा एकत्र करण्याआधी हे तपासलं नाही तर तुमची गणती चुकलीच म्हणून समजा.

दुसरी अडचण दंडाची. नीडलमन आणि वुन्श यांच्या १९७० च्या पद्धतीपासून प्रत्येक रिकाम्या जागेला दंड लावून सर्वांत स्वस्त मांडणी शोधतात. गोतोह यांनी १९८२ मध्ये जागा उघडण्याचा दंड मोठा आणि ती लांबवण्याचा लहान, ही सोय वेगाने करून दाखवली. एका घटनेत अनेक बेस जातात, हे त्यात निदान मान्य केलेलं आहे. तरी खऱ्या इंडेलच्या लांब्या या हिशेबाहून जास्त पसरलेल्या असतात: एक बेसचे भरपूर, पण फार लांबही अपेक्षेपेक्षा जास्त.

तिसरी अडचण अनेक प्रजाती एकदम मांडताना येते. एका प्रजातीत भर पडली की तिच्यासमोर बाकी प्रत्येकीत रिकामी जागा सोडावी लागते, आणि जुन्या पद्धतीचे प्रोग्राम प्रत्येक नव्या प्रजातीमागे त्या एकाच भरीचा दंड पुन्हा पुन्हा लावतात. दंड वाचवायला ते शेजारच्या, संबंध नसलेल्या दोन भरी एकाच रकान्यात कोंबतात. मांडणी आटोपशीर दिसते आणि खोटी असते: भरी कमी, गळत्या जास्त, अक्षरबदलही जास्त. आरी लोयतिनोया आणि निक गोल्डमन यांनी २००८ मध्ये वंशवृक्ष लक्षात घेऊन भर आणि गळती वेगळ्या हाताळल्या तेव्हा हा कल किती मोठा होता ते दिसलं. चुकीच्या मांडणीतून जनुकावर अनुकूल निवड झाल्याचे खोटे पुरावेही निघतात. म्हणून निकाल कितीही आकर्षक असो, त्या जागेची मांडणी उघडून एकदा डोळ्यांनी पाहावी.

डेटामधला इंडेल खरा की वाचनातली चूक, हे कसं ओळखायचं?

मी हे ठेच लागून शिकले. सुरुवातीच्या काळात एका प्रजातीत जनुकं बंद पाडणाऱ्या एक बेसच्या गळत्यांची लांबलचक यादी मला मिळाली. दोन आठवडे मी त्यावर एक छान कथा रचत होते. मग एका संध्याकाळी यादीतल्या जागा एकेक करून उघडल्या. पहिल्या जागी सलग सात ए. दुसरीकडे आठ टी. तिसरीकडे पुन्हा सात ए. डीएनए वाचायला वापरलेल्या तंत्राला सलग सारखे बेस नीट मोजता येत नव्हते आणि ते बहुतेक वेळा एक कमी मोजत होतं. नव्याने वाचून घेतल्यावर यादीतल्या मोजक्याच गळत्या उरल्या.

सलग सारख्या बेसच्या पट्ट्यांत काही तंत्रं जास्त चुकतात, लांब तुकडे वाचणाऱ्या नॅनोपोअर तंत्रालाही ही अडचण आहे. छोटे तुकडे वाचणाऱ्या तंत्रात एक बेसची चूक कमी होते, पण लांब भर तुकड्यात मावत नाही आणि निसटते. शक्य असेल तर दोन वेगळी तंत्रं वापरा. आणि जीनोम जोडताना राहिलेली भगदाडं गळती म्हणून मोजू नका.

इंडेलचा वेग कसा मोजतात?

तीन वाटा. आई-वडील आणि मूल यांचे जीनोम वाचून मुलात नवीन काय आलं ते पाहणं: माणसात दर पिढीला ६० ते ७० नवे अक्षरबदल आढळतात, लहान इंडेल बोटांवर मोजण्याइतके. दुसरी वाट म्हणजे यीस्ट किंवा सूत्रकृमीच्या ओळी अनेक पिढ्या अशा वाढवणं की निवडीला वावच राहणार नाही. तिसरी वाट मृत तुकड्यांची, ती वर आलीच आहे. पुनरावृत्तीच्या पट्ट्यांचा वेग इतरांच्या कितीतरी पट असतो, म्हणून सरासरी एकच आकडा सांगू नये.

विषाणूंमध्ये इंडेलचं महत्त्व वेगळं आहे का?

थोडं. करोना विषाणूंच्या विकराला चुकीचं अक्षर काढून दुरुस्त करता येतं, पण गळून गेलेलं अक्षर परत आणता येत नाही. सार्स-कोव्ह-२ च्या काटा प्रथिनात ६९ आणि ७० क्रमांकांची दोन अमिनो आम्लं अल्फा प्रकारात गळली होती. त्यामुळे काही पीसीआर चाचण्यांतला एक लक्ष्य-भाग लागेनासा झाला, आणि त्या ‘न लागण्या’वरूनच अल्फाच्या प्रसाराचा माग काढता आला. एक रिकामी जागा इतकी उपयोगी पडल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

मला हा अभ्यास करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

एक जनुक घ्या, पूर्ण जीनोम नको. पाच-सहा जवळच्या प्रजातींतला त्याचा क्रम सार्वजनिक संग्रहातून उतरवा आणि आधी हाताने मांडा. कागदावरसुद्धा चालेल. प्रत्येक रिकाम्या जागेपुढे लिहा: भर, गळती की ठरत नाही. ‘ठरत नाही’ लिहायला लाजू नका. मग दोन वेगळ्या प्रोग्रामकडून तीच मांडणी करून घ्या आणि तिघांत कुठे मतभेद होतात त्या जागांवर खुणा करा. बहुधा त्या खुणा पुनरावृत्तीच्या पट्ट्यांभोवती गोळा झालेल्या दिसतील.

त्यानंतर माणसातले फरक पाहा. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या १००० जीनोम प्रकल्पाच्या यादीत २,५०४ जणांचे सुमारे ८.४७ कोटी अक्षरबदल आणि ३६ लाख लहान इंडेल आहेत, आणि ती सर्वांसाठी खुली आहे. तुमच्या जनुकातले इंडेल त्यातून काढा, लांबीचा आलेख करा, सांकेतिक भाग वेगळ्या रंगात दाखवा. तीनच्या पटीची टोकं दिसायला एका जनुकातले इंडेल पुरणार नाहीत, तेव्हा हळूहळू शंभर जनुकांपर्यंत जा.